पोस्टरवरचं जेवण आणि गल्लीच्या तोंडावरचं

2017 साली सीएनएनने रस्त्यावरच्या खाण्यासाठी जगातलं सर्वोत्तम शहर म्हणून बँकॉकची निवड केली, तीही लागोपाठ दुसऱ्या वर्षी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बँकॉकच्या महानगर प्रशासनाने जाहीर केलं, की थोंगलोर, एकमाई आणि फ्रा खानोंग या भागांतले पदपथ विक्रेत्यांपासून मोकळे केले जातील आणि मग बाकीच्या शहराची पाळी येईल. जगभर ओरड झाली. लगेच खुलासा आला: घाबरू नका, यावरात आणि खाओ सान या रस्त्यांवरचं खाणं कायम राहणार आहे.

मला घोषणेपेक्षा तो खुलासा जास्त खटकला. यावरात म्हणजे तिथलं चायनाटाउन, लाल-सोनेरी पाट्यांचा झगमगता रस्ता. खाओ सान म्हणजे पाठीवर पिशव्या टाकून आलेल्या परदेशी तरुणांचा अड्डा. दोन्ही रस्ते पर्यटकांच्या नकाशात ठळक आहेत. थोंगलोर आणि एकमाईच्या पदपथांवर मात्र जवळपासच्या कचेऱ्यांतली माणसं, दुकानांतल्या विक्रेत्या मुली, इमारतींचे पहारेकरी आणि बांधकामावरचे मजूर जेवतात. म्हणजे पाहुण्यांचं ताट राहील, घरच्यांचं उचललं जाईल. शहर चालवणाऱ्यांनी हे इतक्या सहजपणे सांगावं, याचं मला वाईट वाटतं. या स्तंभात मी शहरांबद्दल लिहिते. नुकतीच बँकॉकची एक छोटी फेरी करून आले. तिथे खाल्लेल्या पदार्थांपेक्षा ते कुठे आणि कुणाच्या शेजारी बसून खाल्ले, हेच माझ्या मनात जास्त घोळतं आहे.

बँकॉकचं रस्त्यावरचं जेवण समजून घ्यायचं तर आधी तिथल्या गल्ल्या समजून घ्याव्या लागतात. शहरात मोठे रस्ते थोडे. त्यांच्यातून लांबच लांब गल्ल्या फुटतात, त्यांना सोई म्हणतात. सुखुमवितसारख्या हमरस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांकांच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. यातल्या कितीतरी सोई आत जाऊन बंद होतात, दुसऱ्या रस्त्याला मिळत नाहीत. त्यामुळे आत राहणाऱ्या प्रत्येकाला जाता-येता एकाच तोंडातून जावं लागतं. तिथेच नारिंगी जाकिटं घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबतात, तिथेच बसचा थांबा असतो आणि 1999 पासून अनेक ठिकाणी उन्नत रेल्वेचा जिनाही तिथेच उतरतो. खाण्याच्या गाड्या लागतात त्याही तिथेच. ही जागा कुणी आखून दिलेली नाही. भुकेली माणसं जिथून जातात तिथे रांधणारी माणसं येऊन उभी राहिली.

पहाटे तिथे कोळशाच्या शेगडीवर डुकराच्या मांसाच्या काड्या भाजत असतात, नारळाच्या दुधात आणि साखरेत मुरवलेल्या. सोबत चिकट भाताची छोटी पुडी. कामाला निघालेली माणसं ती उभ्या उभ्याच घेतात. शेजारी सोयाबीनचं गरम दूध आणि चिनी पद्धतीचे तळलेले पिठाचे तुकडे. भिक्षेला निघालेले भिक्खू त्याच वेळी तिथून जातात आणि अनेकजण त्यांच्या पात्रात घालायचं अन्न त्याच गाडीवरून घेतात. दुपारी तिथे भात आणि पाच-सहा तऱ्हांचे रस्से मांडलेले दिसतात. बोट दाखवायचं, की वाढलेल्या भातावर दोन डाव पडतात. संध्याकाळी सगळं दृश्य बदलतं. आता माणसं बसत नाहीत, पिशव्या भरून घेतात. गरम रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, वरच्या बाजूला हवा कोंडून रबर लावायची त्यांची हातोटी बघत राहावी अशी आहे. गाठ इतकी घट्ट, की पिशवी मोटरसायकलच्या हँडलला लटकवून नेली तरी थेंब सांडत नाही.

या पिशव्या जातात कुठे, हे मला बँकॉकमध्ये बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या एका पुण्याच्या मैत्रिणीने दाखवलं. ती पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा भाड्याने घेतलेल्या खोलीत पलंग होता, कपाट होतं, एसी होता, बाथरूम होतं, ओटा नव्हता. त्या शहरात एकट्यादुकट्याला मिळणाऱ्या कितीतरी खोल्या अशाच असतात. तिने पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून आईला सांगितलं, की मी स्वयंपाक करत नाही, आईने काळजी करू नये, खाली मावशी आहे. आईला ते पटायला वेळ लागला. पण ती मावशी खरोखरच होती, तिच्या खोलीसारख्या शेकडो खोल्यांना जेवू घालणारी. थाई माणसंही तिला मावशी म्हणूनच हाक मारतात.

मग या गाड्या उठवणं म्हणजे नेमकं काय उठवणं? बँकॉकमधल्या त्या हजारो खोल्यांचा स्वयंपाकघराचा ओटा खाली पदपथावर आहे. बांधकाम कंपन्यांनी खोलीतून तो वगळला, भाडं तेवढं कमी ठेवता आलं आणि रांधण्याचं काम रस्त्यावरच्या बाईने उचललं. तिला नुसती अतिक्रमण करणारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शहराच्या घरबांधणीतली एक मोठी उणीव ती रोज भरून काढते.

या बायका मुख्यतः येतात कुठून? बऱ्याचजणी ईशान्येकडच्या इसान प्रांतातून. लाओसला लागून असलेला, पावसाच्या एका भातपिकावर जगणारा, थायलंडमधला सर्वांत गरीब मुलूख. तिथून रोजगारासाठी बँकॉकला येणाऱ्यांची रीघ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यांनी येताना आपलं खाणं आणलं: कच्च्या पपईचं सोम ताम, कोळशावरची कोंबडी, वेताच्या करंडीतला चिकट भात. आज सोम तामचा खट खट आवाज ऐकू येत नाही असा बँकॉकचा भाग सापडणं कठीण. मातीच्या उंच उखळात लाकडी मुसळाने लसूण आणि मिरची ठेचायची, मग ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, सोडे, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, शेवटी पपईचा कीस आणि शेंगदाणे. मुसळ खाली जाताना दुसऱ्या हातातला चमचा वर उचलतो, कीस चेचला जाऊ नये म्हणून. मिरच्या किती, हे आधी विचारतात. एका गाडीवर मी एक म्हणाले, तर माझ्याकडे नीट पाहून बाईने अर्धीच टाकली. ती मूळची इसानमधल्या उबोनची. मैत्रिणीने मध्ये भाषांतर केलं. मुलं गावी आजीकडे शिकतात, ती दर महिन्याला पैसे पाठवते आणि भातलावणीच्या दिवसांत गावी जाते. तेवढे दिवस तिची जागा तिची धाकटी बहीण सांभाळते. ही सोय लेखी कुठेच नाही.

रस्त्यावर खाण्याची बँकॉकची सवय रस्त्यांपेक्षाही जुनी आहे. 1782 मध्ये पहिल्या रामा राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर राजधानी वसवली, तेव्हा शहर कालव्यांचं होतं आणि विक्रेते होड्यांतून यायचे. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ आजही मिळणाऱ्या ‘होडीतल्या नूडल्स’ इवल्याशा वाडग्यात देतात, त्यामागे होडीतून काठावर वाडगा देताना सांडू नये ही काळजी होती असं सांगतात. राजवाड्यासाठी जागा हवी म्हणून तिथल्या चिनी वस्तीला उठवून साम्पेंगला बसवलं, पुढे तिथेच यावरात रस्ता झाला. म्हणजे आज जो रस्ता पर्यटकांसाठी राखला जातो, त्याची सुरुवातही विस्थापनातूनच झाली. पॅड थाई ज्याला आपण थायलंडचं राष्ट्रीय खाणं समजतो, त्याचा बोलबाला फील्ड मार्शल पिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने केला. 1939 मध्ये सयामचं थायलंड करणारे हेच पंतप्रधान. युद्धकाळात त्यांनी नूडल्स खाण्याची आणि विकण्याची मोहीम चालवली. तेव्हा रस्त्यावरची गाडी हे राष्ट्रकार्य होतं.

आणि 1997. त्या वर्षी 2 जुलैला बाट कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि नोकऱ्या गेलेली माणसं रस्त्यावर विकायला उभी राहिली. सिरिवत वोरावेतवुतिकुन हे शेअर बाजारातले बडे गृहस्थ गळ्यात खोका अडकवून सँडविच विकू लागले, त्यांची छायाचित्रं जगभर छापून आली. सगळे आधार तुटले तेव्हा पदपथाने माणसांना धरून ठेवलं. अशा जागेवरून माणसं हटवताना कोणत्याही सरकारचा हात थरथरायला हवा.

2014 च्या लष्करी उठावानंतर तो थरथरला नाही. ‘पदपथ नागरिकांना परत’ अशी मोहीम सुरू झाली. फुलबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या पाक ख्लोंग तलातच्या पदपथावरचे विक्रेते 2016 मध्ये उठवले गेले. सुखुमवितच्या 38 क्रमांकाच्या सोईत रात्रीच्या जेवणाच्या गाड्यांची अख्खी रांग होती. तिथली जमीन निवासी मनोऱ्यासाठी गेली आणि रांग विखुरली. त्यात सरकारी आदेशही नव्हता, फक्त जमिनीचा भाव होता.

सगळ्यात जास्त सलते ती महाचाई रस्त्याची गोष्ट. या रस्त्यावर जे फाई यांचं छोटं खानावळवजा दुकान आहे. वय झालेल्या या बाई डोळ्यांवर मोठा गॉगल लावून कोळशाच्या आचेवर खेकड्याचं जाडजूड ऑम्लेट तळतात. 2017 च्या डिसेंबरमध्ये बँकॉकची पहिली मिशलिन मार्गदर्शिका आली आणि त्यांना एक तारा मिळाला. ही मार्गदर्शिका यावी म्हणून थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पाच वर्षांसाठी सुमारे 14 कोटी बाट मोजायचं ठरवलं होतं. जे फाईंच्या कष्टांचा मला मनापासून आदर आहे, तो तारा त्यांनी कमावलेला आहे. पण त्याच रस्त्यावर, चालत काही मिनिटांवर, महाकान किल्ला आहे. पहिल्या रामाने बांधलेल्या 14 बुरुजांपैकी उरलेल्या दोनांतला एक. त्याच्या तटाला लागून जुन्या लाकडी घरांची वस्ती होती, पक्ष्यांचे पिंजरे विणणाऱ्यांची, लिके या लोकनाट्याशी नातं सांगणारी. उद्यान करायचं म्हणून प्रशासन पाव शतक तिला हटवू पाहत होतं. ती माणसं लढत राहिली, अभ्यासकांनी त्यांची बाजू मांडली. तारा मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, 2018 मध्ये, शेवटची घरं पाडली गेली. आज तिथे हिरवळ आहे. मी गेले तेव्हा त्या हिरवळीवर कुणीच नव्हतं आणि जे फाईंच्या दारात रांग होती.

आता दुसरी बाजू. पदपथ चालणाऱ्याचाही आहे, आणि बँकॉकमध्ये चालणं सोपं नाही. पदपथ अरुंद, मध्येच विजेचा खांब, मध्येच उखडलेली फरशी. गाडी आणि तिची प्लास्टिकची स्टुलं त्यावर आली, की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रस्त्यावरच उतरावं लागतं. तेलकट पाणी गटारात जातं आणि पावसाळ्यात तीच गटारं तुंबतात. प्लास्टिकच्या पिशव्यांचं मी वर कौतुक केलं, त्यांचा ढीगही मी पाहिला. हे प्रश्न खरे आहेत. पण त्यावर पाण्याचा नळ, तेल अडवणारी चाळणी, उभं राहण्याची आखलेली जागा आणि स्वच्छतेचा एक ठरलेला दिवस हे उपाय आहेत. शेवटचा तर तिथे आहेच: सोमवारी पदपथ धुण्यासाठी बहुतेक विक्रेते सुट्टी घेतात, आणि मंगळवारी सकाळी सगळे आपापल्या जागी येतात. एवढी शिस्त जे लोक पाळतात, त्यांच्याशी बोलणी करता येत नाहीत हे मला पटत नाही.

आपल्याकडचा एक संदर्भ इथे दिल्याशिवाय राहवत नाही, कारण वर्षंही तीच आहेत. थायलंडमध्ये 2014 मध्ये हटाव मोहीम सुरू झाली. भारतात त्याच वर्षी पथविक्रेता कायदा झाला. सर्वेक्षणाशिवाय कुणाला हटवता येणार नाही, शहर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतील, असं तो कायदा सांगतो. बँकॉकच्या मावशीकडे असं काहीही नाही. पण मुंबईत या समितीची निवडणूक व्हायला 2024 उजाडलं. 2017 च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले आणि राग निघाला तो फेरीवाल्यांवर. कायदा नसलेलं शहर आणि कायदा कपाटात ठेवलेलं शहर, विक्रेत्याला दोन्हीकडे पहाटे जागा मिळेल की नाही याचीच चिंता.

2022 मध्ये बँकॉकला नऊ वर्षांनी शहराच्या गव्हर्नरपदाची निवडणूक करायला मिळाली आणि चाडचार्ट सिट्टिपुंट 13 लाखांहून अधिक मतं मिळवून निवडून आले. त्यांनी पदपथ दुरुस्तीला हात घातला, विक्रेत्यांना पदपथावरून जवळच्या मोकळ्या जागांत हलवायला सुरुवात केली. 2024 च्या नव्या नियमांत विक्रेत्याच्या वार्षिक उत्पन्नाला 3 लाख बाटांची मर्यादा घातली. जागा गरजूला मिळावी हा हेतू मला मान्य आहे. जागा हलवण्याबद्दल मात्र धास्ती वाटते. सिंगापूरने आपले सगळे फेरीवाले केंद्रांत नेले आणि ती संस्कृती 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. पण ती केंद्रं सरकारी घरांच्या वसाहतींमध्ये, लोकांच्या पायाखाली बांधली गेली. बँकॉकमध्ये केंद्र गल्लीपासून दहा मिनिटं दूर गेलं तर ओटा नसलेल्या खोलीतली मुलगी रात्री आठ वाजता दमून तिथवर जाणार नाही. ती सुपरमार्केटमधला डबा गरम करून घेईल. अंतर हाच खरा मुद्दा आहे, आणि ते नकाशावर ठरवणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी तिच्याबरोबर चालून पाहावं.

शेवटी आपल्या वाचकांसाठी. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसा माफ केला आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. बहुतेक सहली मात्र तीन वेळा भारतीय बुफे जेवून परत येतात. मांसाहार चालत नाही हे कारण मी समजू शकते, पण त्यालाही तिथे उत्तर आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसेल तिथे मांस, मासे, अंडं, दूध यांतलं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस यावरात या पताकांनी भरून जातो, आणि बहुतेक वर्षी तेच आपल्या नवरात्राचे दिवस असतात. त्याच दिवसांत सिलोमच्या मारिअम्मन देवळातही नवरात्र बसतं आणि दसऱ्याला मिरवणूक निघते, जिच्यात थाई माणसांची गर्दी मोठी असते. एरवीही ‘जे’ची दुकानं शहरभर आहेत. मांसाहार चालणाऱ्यांनी फाट क्राफाव जरूर मागावं: खिमा, मिरची, लसूण आणि मूठभर तुळस, वर कडेने कुरकुरीत झालेलं अंडं. तुळस कढईत पडताना जो ठसका उठतो त्याने रस्ता ओलांडणारी माणसंही शिंकतात. गोड हवं असेल तर खानोम क्रोक, अप्पेपात्रासारख्या बिडाच्या भांड्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून केलेलं, वरून कांद्याची पात किंवा मका घातलेलं, मधोमध अजून थरथरणारं. आणि नूडल्सच्या टेबलावरच्या चार बरण्यांना घाबरू नका: साखर, मिरचीची भरड, मिरच्या घातलेला फिश सॉस, मिरच्या घातलेला व्हिनेगर. शिजवणारीने तिचं काम केलेलं असतं, शेवटची चव तुम्ही लावायची असते.

कुठे खायचं, असं विचाराल तर मी दोन नावं देईन. एक, नांग ल्योंगचा जुना बाजार, पाचव्या रामाने 1900 मध्ये सुरू केलेला. आजूबाजूच्या सरकारी कचेऱ्यांतले लोक तिथे जेवायला येतात आणि दुपारी दोनच्या पुढे फारसं काही उरत नाही. दुसरं, नदीपलीकडचा वांग लांग बाजार, सिरिराज रुग्णालयाला लागून. तिथे परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर गणवेशातच जेवतात, त्यामुळे गाड्या पटापट चालतात आणि अन्न ताजं असतं. होडीने जा, सोमवार टाळा, आणि ज्या गाडीपुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं उभी असतील तिथेच रांगेत उभे राहा.